पायलीभर राळा

महिपती आबांचं पायलीभर बियाणं मी शिजवलं. ते सांडलं असतं, उंदरांनी खाल्लं असतं, पुरात वाहून गेलं असतं, तर निदान दैवाला बोल लावता आला असता. पण मी ते रीतसर शिजवलं. शाळेच्या मैदानात चुली मांडून, कढीपत्त्याची फोडणी देऊन शिजवलं, आणि पंचवीस माणसांना आग्रह करकरून वाढलं. वर त्या दिवशी माझ्या छातीवर कागदी फूल होतं.

ही गोष्ट एकोणीसशे बावन्नच्या उन्हाळ्यातली. देशात धान्याची टंचाई होती. तांदूळ ब्रह्मदेशातून यायचा, गहू अमेरिकेतून. बोटीला उशीर झाला की रेशनच्या दुकानापुढची रांग पिंपळापर्यंत जायची. तेव्हा सरकारनं ठरवलं की लोकांनी बोटीची वाट बघत बसू नये, जवळपास पिकतं ते खावं. ज्वारी, बाजरी, हुलगे, रताळी, राळे. ठरवलं ते चांगलंच होतं. फक्त हे लोकांना पटवून द्यायला इंदापूर-बारामती भागात मला धाडलं, तिथं सगळं बिनसलं. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला, दोन्ही वेळा भात खाणारा. धान्य पोत्यात असतं एवढं मला ठाऊक होतं; पोत्यात येण्याआधी ते कुठं असतं याची चौकशी मी कधी केली नव्हती. खात्यानं मला एक सायकल, एक पत्र्याचा कर्णा आणि हसऱ्या रताळ्याचं चित्र काढलेल्या दोनशे पाट्या दिल्या होत्या.

शेळगावच्या चावडीपुढं कर्ण्यात तोंड घालून मी ओरडलो, "बंधूंनो, भाकरी खा!" समोर बसलेल्या मंडळींनी जन्मात दुसरं फारसं काही खाल्लं नव्हतं. ती शांतपणे ऐकत राहिली. पुढच्या रांगेत सर्जेराव बसला होता. हा कालव्याखालचा ऊसवाला, परीटघडीचा सदरा घालणारा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, भाकरी आमी खातूच. तुमी भात सोडला का, त्येवढं सांगा."

लोक हसले. मीही हसलो. भात सोडला नव्हता.

मी घाईघाईनं पुढच्या मुद्द्यावर गेलो. तो होता राळ्याचा. "राळे हे पचायला हलके, पौष्टिक आणि तांदळाऐवजी उत्तम..." इतकं म्हणतोय तोच मागून एक उंच, वाळलेला म्हातारा उठून उभा राहिला.

"सायेब, राळ्याचं काय म्हनलासा? परत म्हना."

मी परत म्हटलं.

"ऐकलं का रं?" तो सगळ्यांकडं वळून म्हणाला. "सरकार म्हनतंय!"

"आबा, मग औंदा सरकारच येतंय बघा तुमच्या चिमण्या राखायला," सर्जेराव म्हणाला आणि चावडी पुन्हा हसली. म्हातारा मात्र हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या बाजूनं, तेही कर्ण्यातून, बोललं होतं.

हे महिपती आबा. वय साठीचं. गावाच्या वरच्या अंगाला माळावर साडेतीन एकर मुरमाड रान. कालवा गावाच्या खालून गेला. ज्यांची रानं खाली होती त्यांचा ऊस झाला, उसाचं गुऱ्हाळ झालं, गुऱ्हाळाचं माडीचं घर झालं. आबांचं रान हातभर उंच राहिलं, म्हणून आबाही होते तिथंच राहिले. सर्जेराव त्यांचा चुलतभाऊ; बांधाला बांध नव्हता, पण आडनाव एक होतं, त्यामुळं त्याला आबांची थट्टा करायचा हक्क होता आणि तो तो रोज बजावायचा.

त्या साडेतीन एकरांत आबा बाजरी करत आणि एकरभर तुकड्यात राळा. राळा म्हणजे मोहरीहून थोडे थोरले, पिवळे दाणे. कणीस कोल्ह्याच्या शेपटासारखं झुबकेदार, वाकलेलं. भरडून, टरफल काढून त्याचा भात करतात. सगळ्या गावात हा राळा आता एकट्या आबांकडं राहिला होता. इतरांनी सोडला त्याला कारणं भक्कम होती. एक तर चिमण्या. राळा निसवून कणसं बाहेर पडली की पंचक्रोशीतल्या चिमण्या निमंत्रण असल्यासारख्या येतात. आबा दीड महिना माळावर माचाण बांधून राहत, गोफण फिरवत आणि चिमण्यांशी भांडत. भांडण घरगुती असे. "आगं ए भवाने, काल खाल्लंस न्हवं? आज तुझ्या जावंला यिऊ दे की!" कडेच्या चार ओळी त्यांनी चिमण्यांना तोडूनच दिल्या होत्या; चिमण्या त्या चार ओळी सोडून बाकी सगळीकडं बसत.

दुसरं कारण कांडणाचं. हे कारण मुक्ताबाई सांगत, म्हणजे आबांच्या बायको. "ह्यांचा राळा ह्यांला ग्वाड," त्या आपले तळहात पुढं करून म्हणत. "उखळात ह्ये दानं पळत्यात बगा, भाऊसाहेब. मुसळ हानलं की चहूकडं. सासूनं चाळीस वर्सं मला ह्या दान्यांमागं पळवली."

सासूनं, कारण राळा सासूचा होता. आबांची आई सुप्याची. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी येताना तिच्या आईनं ओटीत नारळाबरोबर दोन मुठी राळा घातला होता. सुप्याचा माळ आणि शेळगावचा माळ सारखेच भिकारी; तिथं जगतं ते इथं जगेल, असा त्या बाईचा हिशेब असावा. तो खरा ठरला. आबा सात वर्षांचे असताना थोरला दुष्काळ पडला. बाजरी जळाली, ज्वारी उगवलीच नाही. राळा दोन पावसांवर साठ दिवसांत हाती आला. पाच भावंडांतली तीन त्यावर वाचली. पुढं मानमोडीच्या साथीत आई गेली. जाताना पोरांना देवाचं नाव घ्या वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "मडक्याचं त्वांड नीट लिंपा."

ते मडकं मी पाहिलं. कापणीच्या आधी आबा एकटेच रानात शिरून चांगली चांगली कणसं खुडत. ती बैलाच्या पायाखाली घालायची नाहीत, हातानंच चोळायची. मग गोवरीची राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून ते बी मडक्यात भरायचं, तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं आणि मृग निघेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. घरात चूल पेटली नाही तरी नाही. मागल्या दोन वर्षांत पावसानं दगा दिला तेव्हा आबांच्या घरी कितीदा चूल पेटली नव्हती, हे मुक्ताबाईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मडकं मात्र भरलेलं होतं. पायलीभर. म्हणजे चार शेर; एकरभर रान पेरून दोन घरांना देता येईल इतकं.

देणं हा त्यातला महत्त्वाचा भाग. राळ्याचं बी विकायचं नाही, असा आईचा दंडक होता. मागायला येईल त्याला द्यायचं, पिकल्यावर त्यानं सव्वापट आणून घालायचं. "बी एका घरात ऱ्हायलं की मरतंय," आबा म्हणत. "चार घरी आसलं म्हंजे एकाचं गेलं तर दुसऱ्याकडनं येतंय." आजवर अकरा घरांना त्यांनी दिलं होतं. अकराही नावं त्यांना पाठ होती.

अशा माणसाला मी सांगितलं की वैशाखात इंदापूरला प्रदर्शन आहे, पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत, तुमचा राळा मांडू, त्याचा भात साहेबांना खायला घालू, आणि साहेबांच्या मनात आलं तर सरकार हे बी गावोगाव वाटेल. हे शेवटचं माझ्या मनचं होतं. भाषणाच्या ओघात माणूस बोलतो. पण आबांनी ते धरून ठेवलं.

"मडकं बी आनू का, भाऊसाहेब? तसंच लिंपल्यालं? सायबानं आपल्या डोळ्यांनी बगितलं म्हंजे बरं."

"आणा की," मी म्हणालो.

मुक्ताबाई आतून म्हणाल्या, "मडकं कशाला नेतासा? मूठभर न्या दावायला."

"मूठभर दावायला फोडावं लागंल," आबा म्हणाले. "फोडायचं मृगाला. तवर उघडायचं न्हाय."

प्रदर्शनाच्या दिवशी आबा धुतलेलं पटका-धोतर घालून, मडकं मांडीवर घेऊन एस.टी.नं आले. सोबत मुक्ताबाईंनी कांडून दिलेला तीन शेर राळा फडक्यात बांधला होता. तो शिजवायचा, मडकं मांडून ठेवायचं, असं ठरलं होतं. मी मडक्याला झेंडूची माळ घातली, पुढं "स्थानिक अन्नधान्य" अशी चिठ्ठी लावली आणि आबांना हार देऊन मैदानाच्या तोंडाशी साहेबांच्या स्वागताला उभं केलं.

सहा पाहुणे येणार होते. आले पंचवीस. साहेबांबरोबर दुसरे साहेब, त्यांचे मेहुणे, दोन ड्रायव्हर, आणि जेवण आहे असं कळल्यामुळं आलेले गावचे प्रतिष्ठित. आचारी माझ्याकडं पळत आला. "तीन शेरात भागत न्हाय. आनखी राळा हाय का?"

मी इकडंतिकडं पाहिलं. समोर मडकं होतं.

मी अजून कधी कधी त्या क्षणाचा विचार करतो. मनात पाप नव्हतं. उलट, कसं सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. धान्य ते धान्य, चार शेर आज वापरू, उद्या गोदामातून चार शेर भरून देऊ. इंदापुरात गल्लोगल्ली धान्याची दुकानं होती. मी उलथण्यानं शेणमाती उकरली. आतून राख आणि कडुनिंबाचा वास आला. आचाऱ्याच्या हाताखालच्या बायकांनी शाळेमागच्या उखळात घाईघाईनं कांडलं, धुतलं, शिजवलं. त्यातली एक जण म्हणाली होती, "भाऊसाहेब, ह्ये बियाचं दिसतंय." मी म्हणालो, "असू दे, असू दे."

साहेबांच्या पंगतीत आबांनाही पाट मिळाला. त्यांच्या पत्रावळीवर मीच वाढलं. साहेबांनी दोन घास घेतले, "फार छान, पौष्टिक लागतं," म्हणाले आणि जिलबीकडं वळले. आबांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. राख धुऊन निघाली होती, पण कडुनिंबाचा कडवटपणा एखाद्या दाण्याला राहिला असावा.

"भाऊसाहेब," ते हळूच म्हणाले, "ह्यो भात कंच्या राळ्याचा?"

मी आनंदानं सांगितलं.

आबांनी मांडवाकडं पाहिलं. माळ घातलेलं मडकं तिथंच होतं, तोंड उघडं. ते ओरडतील असं मला वाटलं, कारण काहीतरी भलतं झालंय एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं होतं. ते ओरडले नाहीत. पत्रावळीवर वाढलेलं अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. खाली मान घालून, सावकाश, एकेक घास करून त्यांनी ते सगळं खाल्लं. शेवटचे चार दाणे बोटाच्या टोकानं टिपले. डाव्या बाजूला साहेबांच्या पानात अर्धा मुटका राळा तसाच राहिला होता. नंतर तो कुत्र्यांनी खाल्ला.

मृगाला सोळा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि शेळगावला गेलो. मुक्ताबाईंनी मला पाणी दिलं, पण तांब्या खाली ठेवला, हातात दिला नाही. "आता कांडायचं सुटलं बगा माझं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजले होते. चाळीस वर्षं ज्या दाण्यांना त्यांनी शिव्या दिल्या, त्यांच्यासाठी त्या रडल्या होत्या.

आबा म्हणाले, "चला. अकरा घरं हायती."

अकरांपैकी चार गावातलीच होती. त्यातल्या तिघांचा ऊस झाला होता. चौथं घर सर्जेरावाचं. त्याच्या बापानं नेलं होतं. सर्जेरावानं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. "आबा, आय म्हातारी व्हती तवर एक मडकं व्हतं. ती गेल्यावर बायकूनं कोंबड्यांला घातलं. मला कुठं ठावं, तुमी त्येच्यावर जीव टाकला हाय?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी लई जोरात प्रचार केला."

पुढचे सहा दिवस आम्ही हिंडलो. नरसिंहपूरला एकाकडं होता. मागल्या दुष्काळात खाल्ला. एकानं जमीन कारखान्याला दिली होती. एकाचं घरच उठून गेलं होतं, उंबऱ्यावर बाभळ उगवली होती. बारामतीच्या पेठेत एका व्यापाऱ्यानं राळ्याचं पोतं उघडून दाखवलं तेव्हा मी जवळजवळ नाचलो. आबांनी चिमूटभर तळहातावर घेतला, दाताखाली धरला आणि परत पोत्यात टाकला. "काळ्या रानातला हाय. चार म्हयन्यांचा. माझ्या मुरमात ह्यो मान टाकंल." व्यापारी म्हणाला, "खायला घ्या की, आबा, ग्वाड हाय." आबा म्हणाले, "खानं झालं."

वाटेत ते फारसं बोलत नसत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. एकदा एस.टी.च्या खिडकीतून कालव्यापलीकडचा हिरवागार ऊस बघत म्हणाले, "ह्ये समदं दिसाया किती ब्येस दिसतंय." एवढंच.

अकरावं घर सुप्याचं. आबांच्या आईचं माहेर, जिथून राळा निघाला तेच घर; मधल्या एका दुष्काळात तिथलं बी संपलं तेव्हा आबांनीच ते परत पोचवलं होतं. मामेभाऊ वारला होता. त्याची बायको छबूबाई एकटी होती. आबांना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"वयनी, राळा हाय का?"

"व्हता की," ती उत्साहानं म्हणाली. "रान वाट्यानं दिल्यापास्नं सात वर्सं मडकं तसंच पडून व्हतं. पेरायला कोन हाय? पन गेल्या म्हयन्यात बारामतीच्या बाजारात गेल्ते, तर तितं कर्ना घिऊन एकजन सांगत व्हता, राळं खावा, राळं खावा, म्हनून. म्हनलं, सरकार म्हनतंय तर खावं. नातवंडं आली व्हती, त्यांला करून घातलं."

गेल्या महिन्यात बारामतीच्या बाजारात कर्णा घेऊन मीच गेलो होतो. सगळ्या मोहिमेत माझं ऐकून कोणी काही खाल्लं असेल, तर ते या एका बाईनं.

आबा ओसरीवर बसले. मग काहीतरी आठवून म्हणाले, "मडकं रितं क्येलं का?"

"रितं कसं करीन? बियाचं मडकं रितं ठिवत न्हाईत." तिनं आतून मडकं आणलं. तळाला ओंजळभर दाणे होते. सात वर्षांचे. आबांनी ते उन्हात धरले. रंग पिवळाच होता.

माझ्या मनात एकदम इतकी आशा आली की मी पुन्हा भाषणच करणार होतो. आबांनी हातानं थांबवलं. त्यांनी वीस दाणे मोजून वेगळे काढले, धोतराच्या सोग्याचा तुकडा फाडून भिजवला, दाणे त्यात बांधले आणि ती पुरचुंडी कमरेला, पोटाच्या कातडीला लावून करगोट्यात खोवली. बी जिवंत आहे का हे असं बघतात. अंगाच्या उबेला तीन दिवसांत मोड येतात. विसांत पंधरा उगवले तर विरळ पेरायचं, पाच उगवले तर दाट, एक उगवला तरी तो एक कुंडीत लावून त्याचं कणीस पुढच्या वर्षाच्या बियाला धरायचं.

ते तीन दिवस आबा कसे वागत होते हे मुक्ताबाईंनी मला सांगितलं. वाकत नव्हते. कुशीवर निजत नव्हते. पुरचुंडी सुकू नये म्हणून तासातासाला चार थेंब पाणी सोडत. कोणी मोठ्यानं बोललं तरी पोटावर हात ठेवत. "माझ्या येळला सुदिक ह्येवढं जपलं न्हाय," त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा पुरचुंडी अंगणात उन्हात उघडलेली होती. आबा तिच्यापुढं उकिडवे बसले होते. वीस दाणे. एकेक दाणा त्यांनी नखानं दाबला. प्रत्येकातून पांढरं पाणी आलं. मोड एकालाही नव्हता. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा मोजले, जणू मोजण्यात चूक झाली असेल.

मृग कोरडा गेला नाही, हे आणखी वाईट. वेळेवर, भरपूर बरसला. माळावर बाजरी उगवली आणि बाजूचा एकरभर तुकडा नांगरून तसाच राहिला. चिमण्या येऊन ढेकळांवर बसत आणि उडून जात.

मी वर पत्र लिहिलं होतं. घडला प्रकार सविस्तर कळवून, राळ्याचं साठ दिवसांचं बियाणं कुठल्याही जिल्ह्यातून मिळवून द्यावं, अशी विनंती केली होती. आर्द्रा नक्षत्रात उत्तर आलं. प्रदर्शनात खर्ची पडलेल्या चार शेर धान्यापोटी संबंधित शेतकऱ्यास चार शेर तांदूळ मंजूर करण्यात येत आहे. तांदूळ ब्रह्मदेशचा होता. पोत्यावर बोटीचा शिक्का होता.

ते घेऊन जाऊ नये असं मला फार वाटलं. पण सरकारी पावतीवर आबांचा अंगठा हवा होता. सायकलच्या मागं पिशवी बांधून मी माळावर गेलो. आबा बांधावर बसले होते. त्यांनी तांदूळ मुठीत घेऊन पाहिला, "पांढरा हाय," म्हणाले, आणि पावतीवर अंगठा दिला. मुक्ताबाई पिशवी घेऊन आत गेल्या. तो तांदूळ तरी कांडावा लागणार नव्हता.

जायला निघालो, पण पाय निघेना. गेले आठ दिवस मी मनात जपलेली एक बातमी होती. सांगोल्याकडच्या एका वाडीत एका म्हातारीकडं असाच साठ दिवसांचा माळाचा राळा आहे, असं एका तलाठ्यानं सांगितलं होतं. खरं-खोटं त्यालाही ठाऊक नव्हतं. मी ते आबांना सांगितलं. म्हणालो, रजा टाकतो, पायी जातो, म्हातारीचे पाय धरतो. या वर्षी नाही तर पुढच्या मृगाला पेरा. "आणू का, आबा?"

आबांनी त्या रिकाम्या तुकड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नका आनू, पिकलं की तुमी परत येताल."